सर्व्हरची रोजकीर्द : रोज कोण आलं, कोण गेलं



बचत गटाची पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि पाचवं सूत्र म्हणजे हिशेबाच्या वह्या रोजच्या रोज लिहिलेल्या असणं. पहिल्या चार सूत्रांत आपण पक्क्या आहोत. पाचवं सूत्र मात्र गेल्या काही वर्षांत हळूच जागा बदलून बसलं आहे. वह्या कपाटातून निघाल्या आणि संगणकात गेल्या. पापड-मसाल्याच्या ऑर्डरी वेबसाइटवर येतात, दर तिथेच बदलतात, माल किती शिल्लक आहे तेही तिथेच दिसतं.

वही कपाटात होती तेव्हा किल्ली कोणाकडे आहे हे सगळ्या गटाला ठाऊक असायचं. आता विचारलं, "काल आपल्या वेबसाइटच्या हिशेबात कोणकोण शिरलं होतं?" तर बहुतेक जणी वेबसाइट करून देणाऱ्या मुलाकडे बोट दाखवतात. त्याला फोन लावायचा, तो सांगेल ते ऐकायचं. पण त्या मुलालाही हे मनातून माहीत नसतं. तोसुद्धा एक नोंदवही उघडून वाचतो. ती वही आपली आहे आणि ती आपल्यालाही वाचता येते. कशी, ते आज सांगतो.

आधी सर्व्हर म्हणजे काय ते बघू. सर्व्हर हा एक संगणकच असतो. तो रात्रंदिवस चालू असतो, कुठल्या तरी मोठ्या शहरात किंवा परदेशात एका मोठ्या खोलीत ठेवलेला असतो आणि त्याला बहुधा पडदा नसतो, की-बोर्ड नसतो. आपण त्याची थोडी जागा भाड्याने घेतो. कोणी मोबाइलवर आपल्या वेबसाइटचं नाव टाकलं की त्याची मागणी या संगणकाकडे जाते आणि हा पान पाठवून देतो. दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या बाईसारखंच. मागितलं ते काढून द्यायचं.

ही गल्ल्यावरची बाई एक काम कधी चुकवत नाही. प्रत्येक मागणीची एक ओळ ती लिहून ठेवते. कोण आलं, कधी आलं, काय मागितलं, दिलं की नाही. नवी ओळ नेहमी शेवटी. या वहीला लॉग म्हणतात. आपल्या भाषेत तिला रोजकीर्द म्हणायला हरकत नाही, कारण रोजकीर्दीसारखीच ती घडेल त्या क्रमाने लिहिली जाते. खतावणी नंतर आपण करायची असते.

आता या वहीतली एक ओळ वाचू. जगातल्या पुष्कळ वेबसाइट अपाची नावाच्या प्रोग्रॅमवर चालतात. तो १९९५ पासून आहे, आणि आमच्या प्रभागसंघाची वेबसाइटही त्यावरच चालते. त्याच्या ओळीत रकाने असतात. मध्ये रेघा आखलेल्या नसतात, फक्त मोकळी जागा सोडलेली असते.

पहिला रकाना आयपी पत्त्याचा. हे ठिपक्यांनी जोडलेले आकडे असतात, जसं २०३.०.११३.२५. मागणी इंटरनेटच्या कोणत्या जोडणीवरून आली ते यावरून कळतं. दुसऱ्या रकान्यात बहुधा नुसती आडवी रेघ असते, तो सोडून द्या. तिसरा रकाना नावाचा. वेबसाइटच्या ज्या खोलीला सर्व्हरचं स्वतःचं कुलूप आहे, तिथे लॉगिनचं नाव इथे उमटतं. नुसतं दुकान बघायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या ओळीत इथेही आडवी रेघच असते. काही वेबसाइट कुलूप स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये ठेवतात. तिथे या रकान्यात कायम रेघ येते आणि नावं वेगळ्या नोंदीत असतात. आपली वेबसाइट कोणत्या प्रकारची आहे ते करून देणाऱ्याला विचारून घ्या.

पुढे चौकटी कंसात तारीख आणि वेळ. मग अवतरणात मागणी. तिचा पहिला शब्द गेट असेल तर पान नुसतं मागितलं, पोस्ट असेल तर काहीतरी भरून पाठवलं. म्हणजे गेट हे वही बघणं आणि पोस्ट हे वहीत लिहिणं. त्यानंतर तीन आकडी उत्तर. २०० म्हणजे दिलं. ४०४ म्हणजे असं पानच नाही. ४०१ म्हणजे नाव-पासवर्ड दाखवा, मगच आत. ५०० म्हणजे सर्व्हरच अडखळला. शेवटी किती माल पाठवला त्याचं माप, आणि बहुतेक ठिकाणी मागणी कोणत्या ब्राउझरने केली तेही.

एवढं समजलं की वहीची भाषा आली. आता वहीपर्यंत जायचं.

सर्व्हरला पडदा नाही, तेव्हा चित्रांवर बोट ठेवून काम होत नाही. त्याच्याशी लिहून बोलावं लागतं. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, तो उत्तर देतो. याला कमांड लाइन म्हणतात. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं बघून पुष्कळ जणी बिचकतात. पण मोबाइलच्या मेसेजपेक्षा ते फार वेगळं नाही. फरक एवढाच, की समोरचा फार नेमका आहे. एक अक्षर चुकलं तर "कळलं नाही" म्हणतो. चुकलं म्हणून रागवत नाही, पुन्हा लिहायचं.

रेडिओवर कमांड दाखवता येत नाही, म्हणून उच्चार सांगितले होते. छापतानाही तेच ठेवले आहेत. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरायची. पहिल्यांदा वेबसाइट करून देणाऱ्याकडून कागदावर नीट लिहून घ्या आणि तो कागद फाइलला लावा.

पहिली कमांड एस-एस-एच. तिच्यापुढे मोकळी जागा, मग आपलं नाव, ॲटचं चिन्ह आणि सर्व्हरचा पत्ता. विंडोज १० किंवा ११ असलेल्या कार्यालयातल्या साध्या संगणकावरही ती चालते. ही वाट १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठातल्या टाटू यूलोनेन यांनी तयार केली. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी चोरून पासवर्ड गोळा करत होतं. तेव्हा दोन संगणकांतलं बोलणं मधल्या कोणाला वाचता येऊ नये अशी सोय त्यांनी केली. त्या चोरीमुळे जगाला हे कुलूप मिळालं.

पहिल्यांदा जाताना सर्व्हर आपली ओळख म्हणून अक्षरांची एक लांब ओळ दाखवतो आणि विश्वास ठेवायचा का, असं विचारतो. ती ओळ करून देणाऱ्याशी ताडून मगच हो म्हणा. नंतर पासवर्ड विचारला जातो. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. की-बोर्ड बिघडला असं समजू नका. टाइप करून एंटर दाबा.

इथे एक गोष्ट आधीच मागून घ्यायची. आपल्याला दिलेलं नाव फक्त वही वाचण्यापुरतं हवं, खोडण्यापुरतं नको. बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात. त्यातल्या उबंटू या प्रकारात ए-डी-एम नावाचा एक गट असतो. हो, तिथेही गटच. या गटात ज्याचं नाव घातलं त्याला लॉग वाचता येतात, पण त्यात बदल करता येत नाही. "आमचं नाव एडीएम गटात घाला, सगळ्या किल्ल्या नकोत," एवढं वाक्य पुरतं. मग हातून काही वेडंवाकडं टाइप झालं तरी मूळ वही जागेवर सुरक्षित राहते.

आत गेल्यावर वहीच्या कपाटाकडे जायचं. त्यासाठी सी-डी, मोकळी जागा, आणि पत्ता : तिरकी रेघ, व्हार, तिरकी रेघ, लॉग, तिरकी रेघ, अपाची२. एल-एस लिहिलं की कपाटात काय काय आहे त्याची यादी येते. आजच्या वहीचं नाव असतं ॲक्सेस डॉट लॉग. टेल असं लिहून पुढे वहीचं नाव दिलं की शेवटच्या १० ओळी दिसतात. सगळी वही निवांत चाळायची तर लेस वापरा आणि बाहेर पडायला क्यू दाबा.

आता आजचा खरा प्रश्न. एका दिवसाच्या नोंदी कशा काढायच्या?

वहीत हजारो ओळी असतात. त्यातल्या हव्या तेवढ्या निवडायला ग्रेप नावाची कमांड आहे. ती चाळणीचं काम करते. एक शब्द सांगायचा, तो ज्या ओळीत असेल तेवढ्याच ती पुढे सोडते. आपण तिला तारीख सांगायची, पण सर्व्हर लिहितो तशीच : दिवस दोन अंकी, तिरकी रेघ, महिन्याच्या इंग्रजी नावाची पहिली तीन अक्षरं आणि त्यातलं पहिलं मोठं, तिरकी रेघ, वर्ष चार अंकी. पाच तारीख असेल तर ०५ लिहायचं, नुसतं ५ नाही. तारीख अवतरणात घालून पुढे वहीचं नाव लिहिलं की त्या दिवसाच्या सगळ्या ओळी समोर येतात.

तरीही ओळी बऱ्याच असतील. आपल्याला हवं आहे ते एवढंच, की त्या दिवशी कोणतं नाव किती वेळा आलं. यासाठी चार कमांड एकामागे एक जोडायच्या. जोडायला उभी रेघ वापरतात. की-बोर्डवर एंटरच्या वरच्या बटणावर ती असते, शिफ्ट दाबून उमटते. तिला पाइप म्हणतात. बेल लॅब्जमधल्या डग्लस मॅकिलरॉय यांना ही कल्पना सुचली आणि १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी ती एका रात्रीत संगणकात उतरवली. पन्नास वर्षं झाली, अजून तीच चालते आहे.

आपल्या पापडाच्या कामात हीच रीत आहे. एक जण पीठ मळते, दुसरी लाट्या करते, तिसरी लाटते, चौथी वाळत घालते. प्रत्येकीला एकच काम, पण एकीच्या हातचं दुसरीच्या हाती जातं. इथे ग्रेप दिवसाच्या ओळी चाळून देते. मग उभी रेघ. पुढे कट ही कमांड प्रत्येक ओळीतला तिसरा, म्हणजे नावाचा, रकाना कापून घेते. पुन्हा उभी रेघ. मग सॉर्ट सारखी नावं एकत्र लावते. पुन्हा उभी रेघ. शेवटी युनिक, आणि तिच्यापुढे आडवी रेघ सी, ही कमांड प्रत्येक नाव किती वेळा आलं ते मोजते. युनिकला फक्त शेजारी शेजारी असलेली सारखी नावं ओळखता येतात, म्हणून तिच्याआधी सॉर्ट हवीच. आपण पावत्या मोजताना आधी नावाप्रमाणे गठ्ठे लावतो, तसंच.

उत्तर कसं दिसतं? समजा लॉगिनची नावं वाड्यांवरून ठेवली आहेत. तर पडद्यावर येईल : ४२ वरचीवाडी, १७ मधलीवाडी, ६ खालचीवाडी आणि ३१० आडवी रेघ. म्हणजे वरच्या वाडीच्या लॉगिनने ४२ मागण्या केल्या, आणि ३१० मागण्या बिननावाच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या. एका दिवसाची खतावणी एका ओळीच्या कमांडने झाली. ती जपून ठेवायची असेल तर कमांडच्या शेवटी मोठ्यापेक्षा हे चिन्ह, म्हणजे उजवीकडे टोक असलेला बाण, आणि आपल्या घरच्या फोल्डरमधल्या नव्या फाइलचं नाव लिहायचं. त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर जुना मजकूर पुसला जातो, म्हणून नावात तारीख घाला.

जुने दिवस हवे असतील तर? सर्व्हर रोज जुनी वही बाजूला ठेवून नवी उघडतो. कालच्या वहीच्या नावापुढे १ लागतो, परवाच्या वहीपुढे २, असं पुढे. दोनपासूनच्या वह्या दाबून बारीक केलेल्या असतात, त्यांच्या नावाच्या शेवटी जी-झेड असतं. त्या वाचायला ग्रेपऐवजी झेड-ग्रेप लिहायचं. पण ध्यानात घ्या, उबंटूवर अपाची घेतला आणि काही बदललं नाही तर रोजच्या अशा १४ वह्याच ठेवल्या जातात. पंधराव्या दिवशी सगळ्यात जुनी वही आपोआप नष्ट होते. आपल्या महिन्याच्या बैठकीत "गेल्या महिन्यात काय झालं?" असा प्रश्न निघेपर्यंत पुरावा गेलेला असतो. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांना १८० दिवसांचे लॉग राखायला सांगितलं आहे. आपणही करून देणाऱ्याला सांगून मुदत वाढवून घ्यावी, किंवा दर आठवड्याला वह्यांची प्रत कार्यालयातल्या संगणकावर उतरवून घ्यावी. त्यासाठी एस-सी-पी ही कमांड आहे, तीही एस-एस-एचच्याच वाटेने जाते.

आता वेळेची गोष्ट, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात. वेळेपुढे अधिक चिन्ह आणि चार आकडे असतात. तिथे ०५३० असेल तर ती आपलीच वेळ. पण पुष्कळ सर्व्हर जागतिक वेळेवर चालतात आणि तिथे ०००० दिसतं. अशा वेळी साडेपाच तास मिळवायचे, तेव्हा आपली वेळ येते. लॉगमध्ये ०६:४० असेल तर आपले दुपारचे १२:१०. आणि लॉगमधली तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते. त्यामुळे रात्री बारा ते पहाटे साडेपाचमधलं काम आदल्या तारखेत सापडतं.

आमच्या भागात हा साडेपाच तासांचा हिशेब एका ताईच्या नावाशी येऊन भिडला होता. वेबसाइटवर मिरची मसाल्याचा दर किलोला ६५० रुपये होता. एके दिवशी तो ५६० झालेला आढळला. कळेपर्यंत ११ किलो मसाला त्या दराने गेला. किलोमागे ९० रुपये, म्हणजे ९९० रुपयांचा तोटा. करून देणाऱ्या मुलाने लॉग बघून फोनवर सांगितलं, की अमुक ताईच्या लॉगिनवरून ६:४० ला दर बदलला आहे. झालं. सकाळी सहा चाळीसला कार्यालय बंद असतं, म्हणजे ताईने घरून केलं. तिच्या भावकीतल्या कोणी तरी त्याच दिवशी मसाला मागवला होता, तोही धागा जोडला गेला. उचलली जीभ लावली टाळ्याला. बैठकीत ताई एवढंच म्हणाली, "मी नाही केलं," आणि पुढच्या बैठकीला आली नाही. ९९० रुपये संघ सोसू शकतो. पण गावात बाईच्या प्रामाणिकपणावर डाग पडला तर तो कोणत्या वहीत भरून निघणार?

त्या दिवसाच्या ओळी आम्ही काढून घेतल्या आणि वर सांगितलं तसं ताईचं नाव चाळलं. दर बदलल्याच्या ओळीत वेळ ०६:४० आणि पुढे ००००. म्हणजे दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. त्याच नावाची दिवसातली पहिली ओळ ०५:३२ ची, म्हणजे ११:०२. आता कपाटातली हाताने लिहिलेली वही काढली. कार्यालयाच्या हजेरी रजिस्टरमध्ये ताईची सही ११ वाजताची. दोन्ही वह्यांचा ताळा जमला, सर्व्हरचं घड्याळही बरोबर आहे हे कळलं. पुढे जावक रजिस्टरमध्ये नोंद सापडली, की ताई साडेअकराला कर्जाची फाइल घेऊन तालुक्याच्या बँकेत गेली. बँकेने फाइलच्या पोचपावतीवर दुपारी बारा पाचची वेळ टाकलेली होती. आणि दोन्ही ओळींतला आयपी पत्ता एकच, कार्यालयाच्या ब्रॉडबँडचा.

म्हणजे ताई बँकेत असताना तिच्या लॉगिनवरून कार्यालयातूनच दर भरला गेला. हे कसं झालं, तेही उलगडलं. सर्व्हरच्या या साध्या कुलपाला बाहेर पडण्याचं बटण नसतं. एकदा पासवर्ड दिला की ब्राउझर पूर्ण बंद करेपर्यंत तो लक्षात ठेवतो. ताई घाईने बँकेत गेली, पान तसंच उघडं राहिलं. कार्यालयात नवे दर भरायचं काम चाललं होतं, आणि ६५० चे ५६० होणं ही बोटांची सरमिसळ होती. त्या वेळी तिथे चौघीजणी होत्या. कोणाची बोटं होती हे लॉग सांगत नाही. बैठकीने ते खोदत न बसता इतिवृत्तात लिहिलं, की ताईचा यात संबंध नाही. सगळ्यांसमोर तिला तसं सांगितलं. ज्यांनी बोलणं पसरवलं होतं त्यांनीच घरी जाऊन तिला बैठकीला आणलं.

यावरून लॉगची मर्यादाही समजून घ्या. तो लॉगिन सांगतो, माणूस सांगत नाही. जोडणी सांगतो, हात सांगत नाही. दर बदलायचं पान भरलं हे सांगतो, त्यात ६५० लिहिलं की ५६० ते या लॉगमध्ये नसतं. मोबाइल इंटरनेटवर तर एकाच आयपी पत्त्यामागे एका वेळी पुष्कळ ग्राहक असू शकतात, आणि आज मिळालेला पत्ता उद्या दुसऱ्या कोणाला मिळतो. ४०१ उत्तर असलेल्या ओळीत तिसऱ्या रकान्यात नाव दिसलं तरी ते खरं धरू नका, कारण तिथे पासवर्ड पटलेलाच नसतो. दाराशी आलेला कोणीही कोणाचंही नाव सांगू शकतो. एखाददुसरी ४०१ ची ओळ रोजची आहे, कुलूप आधी विचारतं आणि मग उघडतं. पण अनोळखी पत्त्यावरून रात्री शंभर-दोनशे वेळा ४०१ दिसलं तर कोणीतरी किल्ल्या लावून बघतंय असं समजा आणि पासवर्ड बदला.

आकड्यांनी भुलायचंही नाही. कोणी सांगितलं, "तुमच्या वेबसाइटला रोज दोन हजार हिट्स आहेत, आता मोठा प्लॅन घ्या," तर लगेच सही करू नका. एक गिऱ्हाईक आलं आणि पानावर २० फोटो असले, तर पानाची एक आणि फोटोंच्या वीस अशा २१ ओळी पडतात. शिवाय गूगलसारख्या शोधयंत्रांचे प्रोग्रॅम दिवसरात्र पानं चाळत फिरतात, त्यांच्याही ओळी याच वहीत. हिट म्हणजे ओळ, गिऱ्हाईक नव्हे. तिसऱ्याऐवजी पहिला रकाना कापून वेगळे पत्ते मोजले तर खऱ्या वर्दळीचा थोडा जवळचा अंदाज येतो.

शेवटचं आणि जपून ऐकण्यासारखं. ही वही आपल्याच मैत्रिणींबद्दल आहे. कोणती सून रात्री अकराला, घरचं सगळं आवरल्यावर, लॉगिन करते ते तिच्यात दिसतं. कोण किती दिवस आली नाही तेही दिसतं. हे ओट्यावर बोलायचे विषय नाहीत. लॉगचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं म्हणजे दुसरीच्या घराचं दार उघडं टाकणं. कोणाची कर्जाची वही जशी आपण चव्हाट्यावर वाचत नाही, तशीच ही.

तेव्हा पुढच्या बैठकीत पाच गोष्टी ठरावात घ्या. एक, प्रत्येकीला स्वतःचं लॉगिन, आणि काम संपलं की ब्राउझर बंद. दुसरीच्या नावावर काम करायचं नाही, मग ती सख्खी जाऊ असो. दोन, लॉग वाचायचा तो दोघींनी मिळून, आणि कशासाठी वाचला ते इतिवृत्तात लिहून. तीन, वाचण्यापुरतं नाव करून देणाऱ्याकडून लेखी मागून घ्यायचं. चार, लॉग किमान सहा महिने राहतील अशी सोय, आणि कामाचा दिवस असेल तेव्हा हजेरी रजिस्टरही वेळेसकट भरायचं, कारण ताळा दोन वह्यांनीच जमतो. पाच, कोणावर संशय आला तर आधी ओळी काढायच्या, साडेपाच तास मिळवायचे, आणि मगच तोंड उघडायचं.

हे शिकायला संगणकाची पदवी लागत नाही. आमच्या संघात ज्या दोघी हे काम करतात त्यातली एक दहावी आहे आणि दुसरी आठवी. त्यांनी सगळ्या कमांड वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवल्या आहेत, दर सोमवारी चहा व्हायच्या आत आठवड्याची खतावणी काढतात. तुमच्या गटात मोबाइलवर भराभर टाइप करणारी एखादी मुलगी किंवा सून असेलच. तिला आणि हिशेबाला पक्की असलेल्या एखाद्या मावशींना एकत्र बसवा. एकीची बोटं आणि दुसरीची नजर, एवढ्यावर हे काम सुरू होतं.